मिनी ऑर्किड (गॅलरीतली आमरी)
झाडाच्या खोडाफांदीवर वाढणारी, तळहातावर मावेल एवढी आमरी म्हणजे मिनी ऑर्किड. खूप जण हिला बांडगूळ समजतात आणि ते साफ चूक आहे, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं, आमरी नुसती सालीला धरून बसते, पाणी तिला पावसातून, दवातून मिळतं आणि खत म्हणाल तर खाचेत कुजलेल्या पाल्याचं.

सगळी गंमत मुळात आहे. मुळावर मेलेल्या पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. सुकलं की मूळ चंदेरी दिसतं, पाणी मारलं की बघता बघता हिरवं होतं. मूळ पूर्ण चंदेरी झाल्याशिवाय पुन्हा पाणी द्यायचं नाही, आणि द्यायचं ते सकाळीच.

मुंबईत दमटपणा फुकट मिळतो, कमी पडतो तो वारा. जुलैत बंद खिडकीपाशी ठेवलेलं रोप चार दिवसांत काळं पडून बुडाशी मऊ होतं, माझी दोन अशीच गेली, तेव्हापासून पावसाळ्यात छोटा टेबल फॅन चालू ठेवते. रोप कुंडीत न लावता आंब्याच्या लाकडाच्या तुकड्यावर किंवा नारळाच्या सोडणावर सुतळीने बांधून ग्रिलला टांगावं, पूर्वेचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं असेल तर हिरवी नेट हवीच. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागच.

मिनी फॅलेनॉप्सिस आणि कॅरिबियन बेटांवरची टोलुम्निया इथल्या उकाड्यात छान रमतात. फोटो बघून अँडीज डोंगरातली मॅस्डेव्हॅलिया मागवू नका प्लीज, तिला गार रात्री लागतात, मे महिन्यात इथे रात्रीसुद्धा पारा 27 च्या आसपास असतो. आपल्या सह्याद्रीतली डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन पानं गाळून नुसत्या गाठींवर फुलते, ती मेली समजून लोक टाकून देतात किंवा पाणी वाढवून कुजवतात. जंगलातून मात्र ओरबाडून आणू नये, नर्सरीतलंच रोप घ्यावं. ऑर्किडचं अख्खं कूळ सायटीस करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) आहे आणि धुळीएवढ्या बारीक बियांना रुजायला ठरावीक बुरशी लागते, त्यामुळे तोडलेल्या रोपाची जागा लवकर भरत नाही.

आणि एक, आंब्याची पेटी घरात आली की कळ्या असलेलं रोप लांब ठेवा, पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात.