नियम शिथिल झाला की पाणी कुठे जातं?

मुंबईत पाणी तुंबलं की पहिला प्रश्न ठरलेला, नालेसफाई झाली होती का? प्रश्न बरोबरच आहे, पण नाल्यात मुळात पाणी किती येणार हे बऱ्याच अंशी बांधकामाचे नियम ठरवतात, आणि तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.

म्हणजे बघा, आपल्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला 25 मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. आणि यात अजून एक गोष्ट गृहीत धरलेली, की पडलेल्या पावसातला निम्माच नाल्यात येईल, बाकीचा जमिनीत मुरेल. याला रनऑफ कोइफिशंट म्हणतात, तेव्हा तो 0.5 धरला होता. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्यासाठी झालेल्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितलं की आता तासाला 50 मिमी धरा आणि कोइफिशंट 1 धरा, म्हणजे मुरायला जमीन उरलेलीच नाही असं समजूनच पाइप टाका.

एक हेक्टरचा प्लॉट घ्या. तासाभरात 50 मिमी पाऊस पडला तर त्यावर 5 लाख लिटर पाणी पडतं. निम्मं मुरलं तर अडीच लाख लिटर बाहेर येईल, आणि सगळीकडे काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि खाली पोडियम पार्किंग असेल तर जवळपास सगळंच बाहेर येईल. पाऊस तेवढाच, रस्त्यावर पाणी मात्र दुप्पट, आणि ते त्या प्लॉटवर थांबत नाही, उताराने सखल भागातल्या चाळीत जातं.

आता गिरणगावात काय झालं ते बघा. मध्य मुंबईत गिरण्यांची जवळपास 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 नुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असं सूत्र होतं. 2001 मध्ये यात बदल झाला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीचीच करायची असं ठरलं, आणि गिरणीत रिकामी जमीन असते किती? जवळपास सगळी शेडखालीच. प्रकरण कोर्टात गेलं, हायकोर्टाचा निकाल बदलाच्या विरोधात लागला पण 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल वैध ठरवला. बागा आणि मैदानं म्हणून जी जमीन मिळायची ती बरीचशी टॉवर आणि मॉलमध्ये गेली.

गिरण्या होत्या तेव्हा तिथे हिरवळ होती असं मी म्हणत नाही, पण शहराला पाणी मुरवणारी जमीन परत मिळायची ती एकमेव मोठी संधी होती. आणि याच भागात हिंदमाता आहे, बशीसारखा खोलगट, दरवर्षी तुंबणारा. तिथलं पाणी साठवायला शेवटी महापालिकेला भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या, आणि त्या बांधल्या कुठे, तर दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. मोकळी जागा उरली होती म्हणून टाकी झाली!

किनाऱ्याचंही तेच. मोठी भरती असली की समुद्राची पातळी बऱ्याच पातमुखांच्या (नाले समुद्रात उघडतात त्या तोंडांच्या) वर जाते, पाणी बाहेर पडतच नाही, उलट आत येतं, मग पंप लावा नाहीतर ओहोटीची वाट बघा. त्या चार-पाच तासांत पाणी थांबायला जागा लागते, ती जागा म्हणजे खाडीकाठचा चिखल, तिवरं आणि मिठागरं. जानेवारी 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या अधिसूचनेने खाडीकाठचा संरक्षित पट्टा 100 मीटरवरून 50 वर आणला आणि शहरी किनाऱ्यावर 1991 च्या पातळीला गोठवलेला एफएसआय (प्लॉटच्या आकारानुसार किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मोकळा केला. 2017 च्या पाणथळ नियमांतून मिठागरं वगळली गेली. प्रत्येक बदलाला कारण असतं, घरं हवीत हे खरंच आहे, जुन्या इमारतींचं रिडेव्हलपमेंट अडकलंय हेही खरं. पण सुटलेल्या प्रत्येक मीटरबरोबर पाण्याची जागा कमी होते, हा हिशोब कोणी मांडायचा?

"असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच" हे तर नेहमी ऐकू येतं. याचा खरा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या होमलोनच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता होते 26 टक्के, म्हणजे चारात एक. आणि येईल तो कुठे हेही सांगता येत नाही, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73 च्या आसपास. त्यामुळे "आमच्या एरियात कधी तुंबत नाही" म्हणून तिथले नियम सोडून देणं धोक्याचं आहे, मिठी नदीकाठच्या कित्येकांना त्या दिवसापर्यंत हीच खात्री होती.

नियमावलीत बदल करताना सरकारला सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, विकास नियमांसाठी साधारण महिनाभर आणि सीआरझेडसाठी 60 दिवस. त्या मुदतीत सोसायटीच्या लेटरहेडवर साधं एवढंच विचारा, की या बदलामुळे आमच्या वॉर्डात तासाला किती लिटर पाणी वाढणार आणि ते कोणत्या नाल्यातून, भरतीच्या वेळी कुठे जाणार, आणि उत्तर आकड्यात लेखी मागा.