‘यमुनाजळी’नंतरच्या मीनाक्षी शिरोडकर

नायिकांच्या कपड्यांवरून वाद पेटला की एक जुनं कृष्णधवल छायाचित्र हमखास फिरायला लागतं. पोहण्याच्या पोशाखातली हसरी तरुणी, आणि खाली ‘ही १९३८ सालची मराठी नायिका आहे, विश्वास बसतो का?’ अशा अर्थाची ओळ. आमच्या नागपूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते आलं. भावंडांनी डोळे विस्फारलेल्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला. आईनं मात्र फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाली, “अगं, ही तर आपल्या आंघोळीच्या गाण्याची बाई!”

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आजी नातवंडांना न्हाऊ घालायची. बंबातलं कढत पाणी घंगाळात ओतायचं, गार पाणी घालून विसणायचं, कोपर बुडवून अंदाज घ्यायचा आणि मग पहिला तांब्या डोक्यावर ओतताना ‘यमुनाजळी खेळू खेळ’ सुरू करायचं. आम्हाला ती गवळण वाटायची. ते ‘ब्रह्मचारी’ सिनेमातलं, मीनाक्षी शिरोडकरांनी गायलेलं गाणं आहे, त्यावरून एके काळी गदारोळ झाला होता, हे कळायला मला कॉलेज उजाडावं लागलं. आजी तेव्हाही एवढंच म्हणाली, “गळा काय होता बाप्पा तिचा!”

मला आजीचं ते वाक्य त्या फोटोखालच्या सगळ्या ओळींपेक्षा खरं वाटतं.

मीनाक्षीबाईंचं मूळ नाव रतन पेडणेकर, जन्म ११ ऑक्टोबर १९१६ चा. गाणं लहानपणापासून शिकलेलं. मुंबईच्या रेडिओवर त्यांचा आवाज आधी ऐकू आला, चेहरा नंतर दिसला. १९३६ मध्ये डॉ. शिरोडकरांशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी त्या पडद्यावर आल्या. म्हणजे ज्या भूमिकेनं खळबळ उडवली ती एका विवाहित, सुशिक्षित घरातल्या बाईनं केलेली होती. दुर्गा खोट्यांनी १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त काम करून घरंदाज बायकांसाठी दार किलकिलं केलं होतं, पण ती होती राणी तारामती. इथे नायिका पोहण्याच्या कपड्यात गाणार होती.

‘ब्रह्मचारी’ हा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा चित्रपट. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायकांची, संगीत दादा चांदेकरांचं. औदुंबर नावाचा तरुण एक व्याख्यान ऐकून पेटतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. आणि तिथे येते किशोरी. विदर्भातल्या प्रेक्षकाला या चित्रपटाचा विषय फार जवळचा असणार. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं होतं, दंडबैठका आणि मल्लखांब हे इथल्या तरुणपणाचं अंगच होतं. अत्र्यांचा नेम व्यायामावर नव्हता, बाईकडे पाहायलाच घाबरणाऱ्या पावित्र्यावर होता.

गाण्याची खरी गंमत कपड्यांत नाहीच. गवळणींच्या परंपरेत खोडी कान्हा काढतो आणि गोपी लाजून चूर होतात. इथे गोपीच पाण्यातून हाक मारते आणि ‘का लाजता’ असं कन्हैयालाच विचारते. शेकडो वर्षांची ही रीत अत्र्यांनी एका प्रश्नात उलटवली, आणि ती पडद्यावर पेलली मीनाक्षीबाईंनी, स्वतःच्या आवाजात, एकवीस वर्षांच्या असताना. टीका झाली, अश्लील ठरवलं गेलं, आणि चित्रपट तुफान चालला. हिंदीत बिकिनीचा मान ज्यांना दिला जातो त्या शर्मिला टागोरांचं मासिकाच्या मुखपृष्ठावरचं छायाचित्र १९६६ चं, म्हणजे याच्यानंतर तब्बल २८ वर्षांनी.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही, आणि मला राग त्याचाच येतो.

‘ब्रँडीची बाटली’, ‘देवता’, ‘अर्धांगी’, ‘अमृत’ हे चित्रपट पुढच्या तीनच वर्षांतले. १९४३ मध्ये ‘माझं बाळ’ आला, कुमारी मातेच्या दुःखावरचा. त्यात लता मंगेशकर नावाची एक किशोरवयीन मुलगीही होती. पाण्यात खेळायला बोलावणाऱ्या किशोरीपासून लग्नाविना आई झालेल्या स्त्रीपर्यंत पाच वर्षांत पोहोचणं ही फार मोठी मजल आहे. ज्यांना ती ‘धाडसी’ नटी म्हणून आठवते त्यांनी हे दुसरं धाडस मोजायचंच सोडून दिलं.

मग महायुद्धानं मराठी सिनेमाचं कंबरडं मोडलं. कच्च्या फिल्मचा तुटवडा झाला, चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली, परवान्याशिवाय फिल्म मिळेना. मोठ्या हिंदी निर्मात्यांनी तग धरला, कोल्हापूर-पुण्याचे स्टुडिओ थंडावले. विनायकराव १९४७ मध्ये वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी गेले. मीनाक्षीबाईंचे उत्तम चित्रपट त्यांच्याच हाताखालचे, त्यामुळे हा घाव त्यांच्या कारकिर्दीवरही बसला.

पण त्या घरी बसल्या नाहीत. ‘मृच्छकटिक’, ‘एकच प्याला’ अशा नाटकांतून त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. संगीत नाटकात दुसरा टेक नसतो. गाणं जमलं तर वन्समोअर, नाही तर समोर शांतता. धनवटे रंगमंदिरात संगीत नाटकं ऐकत वाढलेल्या नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. देवलांची आणि गडकऱ्यांची भाषा तोंडात बसवायला, त्यातली पदं शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला कमावलेला गळाच लागतो, आणि तो गळा तोच होता, ‘यमुनाजळी’चा. फरक इतकाच की नाटक संपलं की हवेत विरतं, फोटो मात्र उरतो.

उतारवयात त्यांची ओळख पुन्हा बदलली. नात शिल्पा १९८९ मध्ये सिनेमात आली आणि आजी ‘शिल्पाची आजी’ झाली. १९९३ मध्ये दुसरी नात नम्रता मिस इंडिया झाली. त्या स्पर्धेत पोहण्याच्या पोशाखाची फेरी हा नेहमीचा भाग होता, त्या फेरीवरून तसा गदारोळ झाल्याचं मला आठवत नाही. आजी तेव्हा ७६ वर्षांची होती. ३ जून १९९७ ला मीनाक्षीबाई गेल्या. नम्रताचा पहिला चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षी लागला. आता इंटरनेटवर त्यांचा शोध घेतला तर तेलुगू नट महेश बाबूच्या बायकोची, म्हणजे नम्रताची, आजी, असाही धागा सापडतो.

फोटोवर आईचं ते वाक्य आल्यावर धाकट्या भावानं ग्रुपवर मूळ गाणं टाकलं. फोनच्या बारीक, खरखरत्या आवाजात ते वाजलं. आईनं डोळे मिटले आणि दुसऱ्या ओळीपासून ती सोबत गायला लागली. शब्द एकही चुकला नाही.