ओतीव गोळ्या आणि भंगारातले शिसे : पार्श्वभूमी

शिसे साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १,०८५ आणि लोखंडाला १,५३८ अंश लागतात, म्हणून त्यांच्यासाठी भट्टी आणि भाता हवा. शिशाला लाकडाचा विस्तव आणि लोखंडी पळी पुरते. शिवाय ते कितीही वेळा वितळवले तरी त्याच्या अंगच्या गुणांत उणेपणा येत नाही. बंदुकीच्या ओतीव गोळीचा इतिहास समजून घ्यायचा तर हे दोन गुण आधी लक्षात घ्यावे लागतात, कारण त्यांच्यामुळेच साच्यात जाणारे शिसे नेहमी खाणीतून थेट आलेले नसे. टंचाईच्या काळात तर ते छपरावरून, नळांतून आणि खिडक्यांतून उतरवलेले असे. गोळी कशाची ओतली हे पाहिले की त्या काळातली माणसे काय मोडत होती आणि काय टाकून देत होती, हे कळते.

शिशाचा मारा बंदुकीपेक्षा फार जुना आहे. ग्रीक आणि रोमन सैन्यांत शिशाचे गोफणगुंडे सर्रास वापरले जात. इ.स.पू. ४१–४०मध्ये पेरुसिया, म्हणजे आजच्या पेरुजिया, शहराला वेढा पडला होता, तेव्हाचे दोन्ही बाजूंचे गोफणगुंडे सापडले आहेत आणि त्यांवर शत्रूला उद्देशून शब्द कोरलेले आहेत. नेदरलँड्समधील वेल्सेन येथील रोमन किल्ल्यात मिळालेले काही गुंडे तर साच्यातलेही नाहीत. वाळूत अंगठा दाबायचा आणि त्या खळग्यात शिसे ओतायचे, इतक्या घाईने ते केलेले दिसतात. साचा नसला तरी ज्याचे शस्त्र होऊ शकते, असा दुसरा धातू सहज आठवत नाही.

मध्ययुगीन युरोपात शिशाचा सर्वांत मोठा उघडा साठा चर्च आणि मठांच्या छपरांवर होता. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा छपरांचे पत्रे उतरवून जागेवरच वितळवले गेले आणि त्यांच्या लगडी केल्या गेल्या. पुढे सतराव्या शतकातील यादवी युद्धात छपरांवरचे शिसे गोळ्यांसाठी निघाले. पत्रा गेला की पावसाचे पाणी लाकडी तुळयांत मुरते आणि काही वर्षांत छप्परच खाली येते. अनेक भग्न इमारतींची पडझड तोफांनी कमी आणि या लुटीने अधिक झाली, असे माझे मत आहे.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत बारकाईने नोंदलेला प्रसंग अमेरिकेतला आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकातला ब्रिटनच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा जमावाने दोरखंड लावून पाडला. पुतळा शिशाचा होता आणि त्यावर सोन्याचा मुलामा होता. त्याचे तुकडे कनेटिकटमधील लिचफिल्ड गावी स्वातंत्र्यपक्षाचे पुढारी ऑलिव्हर वॉल्कॉट यांच्या घरी नेण्यात आले आणि तेथे घरातल्या व शेजारच्या बायका-मुलांनी त्यांच्या गोळ्या ओतून काडतुसे केली. वॉल्कॉट यांच्या कागदांत त्याचा हिशोब आहे. एकूण काडतुसे ४२,०८८; त्यांपैकी मुलगी मेरी ॲन हिच्या नावावर १०,७९० आणि धाकट्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६. फ्रेडरिक तेव्हा अजून नऊ वर्षांचाही झालेला नव्हता. पुतळ्याचे सगळे तुकडे मात्र विस्तवापर्यंत पोहोचले नाहीत. राजाच्या बाजूच्या लोकांनी काही वाटेतच लपवले आणि घोड्याच्या शेपटीचा तुकडा आजही न्यूयॉर्कच्या संग्रहात आहे.

विस्तवाशी बसून शिसे ओतणारी ती मुले डोळ्यांसमोर आली की मन अस्वस्थ होते. शिशाचे विष त्या काळी अगदीच अज्ञात होते असे नाही. १७८६मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी एका पत्रात आपल्या तरुणपणीची आठवण लिहिली आहे. लंडनच्या छापखान्यात ते थंडीच्या दिवसांत छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, विस्तवापुढे तापवून हाताळत असत, आणि त्यामुळे हात निकामी होतात, असे एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना बजावले होते.

शिसे वाया न घालवण्याची वृत्ती अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाच्या शोधाला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६च्या मोहिमेत वेगळ्या रीतीने दिसते. त्यांनी बंदुकीची दारू शिशाच्या ५२ डब्यांत भरून नेली होती. प्रत्येक डब्यात सुमारे १.८ किलो दारू आणि डब्याचे वजन सुमारे ३.६ किलो, असे प्रमाण ठरवले होते, म्हणजे रिकामा डबा वितळवला की आतल्या दारूला पुरतील तेवढ्या गोळ्या त्यातूनच निघत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील राज्यांची नाकेबंदी झाली, तेव्हा तेथील शस्त्रसामग्रीचे प्रमुख जोसाया गॉर्गस यांच्या खात्याने चार्ल्सटनमधील घरांच्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचा तोल राखणारी शिशाची वजने गोळा केली आणि रणांगणावर पडलेले शिसेही वेचून आणवले.

तोवर गोळीला मऊ शिसे चालत असे, किंबहुना तेच हवे असे. १८८४मध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली आणि गोळीचा वेग इतका वाढला, की मऊ शिसे नळीच्या आट्यांत घासून तेथेच थर धरू लागले. सैन्यांनी तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टण असलेल्या गोळ्या स्वीकारल्या. हाताने गोळ्या ओतण्याचे काम नेमबाज आणि शिकारी यांच्याकडे उरले आणि भंगाराकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली. आता नुसते शिसे पुरेनासे झाले. ते कठीण करणारे अँटिमनी आणि साचा नीट भरू देणारे कथील त्यात किती आहे, हा प्रश्न आला.

त्याचे उत्तर छापखान्यांनी दिले. ऑटमार मर्गेनथेलर यांचे, अक्षरांची अख्खी ओळ धातूत ओतणारे लायनोटाइप यंत्र १८८६पासून वृत्तपत्रांत आले. त्याच्या धातूत सुमारे १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. हा धातू २४० अंशांच्या आसपास वितळतो आणि साच्यातली बारीकशी रेघही उमटवतो. अक्षरासाठी केलेली ही योजना गोळीलाही तंतोतंत लागू पडली. पुढे धातूची अक्षरे न लागणारी ऑफसेट आणि फोटोटाइपसेटिंग ही तंत्रे आली. न्यूयॉर्क टाइम्सचा गरम धातूवर जुळवलेला शेवटचा अंक २ जुलै १९७८चा आहे. जगभरच्या छापखान्यांनी ओळींचे ढीग भंगारात काढले आणि काही दशके हा उत्तम धातू स्वस्तात मिळत राहिला. त्याच सुमारास मोटारीच्या चाकांच्या रिमला समतोलासाठी लावली जाणारी वजने हा दुसरा स्रोत होता. त्यांत थोडे अँटिमनी असल्याने ती जवळजवळ जशीच्या तशी चालत.

बॅटरीचे शिसे मात्र वेगळे. शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९मध्ये तयार केली आणि आज पुनर्वापरातले बहुतांश शिसे तिच्यातूनच येते, पण ते कारखान्यातल्या बंदिस्त भट्ट्यांतून. देखभालीची गरज नसलेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत १९७०च्या दशकापासून कॅल्शियम येऊ लागले. आर्सेनिक आणि कॅल्शियम असलेल्या पट्ट्या वितळवल्यावर निघणाऱ्या मळीला पाणी लागले, तर आर्साइन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे घरगुती ओतकामात बॅटरीला हात लावू नये, ही सूचना अक्षरशः पाळण्याची आहे.

नंतर हे स्रोत आटत गेले. युरोपीय संघाने २००५पासून आणि कॅलिफोर्नियाने २०१०पासून शिशाच्या चाकवजनांवर बंदी घातली. त्यांच्या जागी पोलाद आणि जस्त आले. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणजे भांडे थोडे अधिक तापले की ते शिशात मिसळते, रस दाटतो आणि साच्याचे कोपरे भरत नाहीत. डिसेंबर २०१३मध्ये मिसूरीतील हर्क्युलेनियम येथील, खनिजापासून शिसे काढणारा अमेरिकेतला शेवटचा कारखाना बंद झाला. आता गोळ्यांचा तुटवडा पडणार अशी आवई उठली, ती निराधार होती, कारण मोठे गोळी उत्पादक आधीपासूनच पुनर्वापरातले शिसे घेत होते.

ओतणाऱ्यांकडे उरला तो नेमबाजीच्या मैदानावरील, गोळ्या अडवणारा मातीचा बंधारा. तेथील माती चाळून निघालेल्या वेष्टणाच्या गोळ्या वितळवल्या, की शिशाहून हलकी असलेली तांब्याची टरफले रसावर तरंगतात. ती काढून टाकतात आणि खाली राहिलेले शिसे पुन्हा साच्यात जाते.