बंद झालेल्या मॉडेल रॉकेट मोटरी

मॉडेल रॉकेट मोटर म्हणजे हौसेखातर उडवायच्या कागदी-लाकडी रॉकेटच्या बुडाशी बसणारी घन इंधनाची नळी. बहुतेक मोटरी कारखान्यातच भरून येतात आणि एकदा वापरून टाकून दिल्या जातात. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत त्यांचे असंख्य प्रकार निघाले, पण आज त्यांतले मोजकेच दुकानात मिळतात. वाईट होत्या म्हणून बंद झालेल्या मोटरी त्यामानाने थोड्या. बाकीच्यांच्या मुळावर कंपन्यांची खरेदी-विक्री, नळीचा आडनिडा व्यास, कारखान्यातल्या आगी आणि कायदे आले.

नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल यांचे बुटांचे दुकान होते आणि त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. १९५४च्या सुमारास भावाच्या मदतीने त्यांनी परत वापरता येणारे पहिले मॉडेल रॉकेट बनवले. १९५७ साली जी. हॅरी स्टाइन यांनी त्याच कल्पनेवर डेन्व्हरमध्ये ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी काढली. मोटरी मात्र पुरेशा आणि एकसारख्या मिळेनात. तेव्हा फटाक्यांच्या धंद्यातल्या घराण्यातले व्हर्न एस्टेस यांनी १९५८ साली दाबाच्या हवेवर चालणारे ‘मेबल’ नावाचे यंत्र बांधले. ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर टाकी. स्टाइन यांना लागत होत्या त्याहून कितीतरी जास्त मोटरी तयार होऊ लागल्या, आणि उरलेल्या विकण्यासाठी एस्टेस यांनी टपालाने विक्री सुरू केली. पुढे कोलोराडोतल्या पेनरोझ गावी गेलेली हीच ‘एस्टेस इंडस्ट्रीज’.

ही मोटर उभी कापली तर खाली मातीचे नॉझल, म्हणजे वायू बाहेर सोडणारे अरुंद तोंड दिसते. त्यावर ठासून दाबलेली काळी दारू, त्यावर धूर सोडत सावकाश जळणारा विलंबाचा मसाला, मग पॅराशूट बाहेर ढकलणारी सुटी दारू आणि शेवटी मातीची टोपी. नळीवर ‘सी६-५’ असे छापलेले असते. ‘सी’ म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ). पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ हा न्यूटनमधला सरासरी रेटा आणि ५ हा सेकंदांतला विलंब. १९६०च्या दशकात हा रेटा पौंडांत मोजत. त्यामुळे जुन्या नळ्यांवर ‘बी.८-४’ (म्हणजे ०.८ पौंड रेटा) असे आकडे दिसतात. न्यूटनचे माप आल्यावर त्याच मोटरींना नवे आकडे मिळाले. जुन्या सूचीत ‘बंद’ दिसणाऱ्या काही मोटरींचे असे नुसते बारसे बदलले आहे, हे संग्राहकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

खरोखर गेलेल्यांत सर्वाधिक हळहळ होते ती एस्टेसच्या ‘बी१४’ची. तिच्या दारूत नॉझलच्या बाजूने खोल पोकळी ठेवलेली असे. त्यामुळे जळणारा पृष्ठभाग वाढे आणि सुरुवातीलाच जोरदार धक्का मिळे. जड रॉकेट आणि ग्लायडर वर नेणाऱ्यांना हेच हवे होते. काळ्या दारूत अशी पोकळी करणे हे केव्हाही जोखमीचेच काम. १९८०च्या आसपास तिची जागा ‘बी८’ने घेतली आणि कालांतराने तीही गेली.

‘फ्लाइट सिस्टिम्स’ म्हणजे एफएसआय या कंपनीची गोष्ट निराळी. तिची ‘एफ७’ आठ-नऊ सेकंद रेंगाळत जळे, तर ‘एफ१००’ तेवढीच ताकद जेमतेम अर्ध्या सेकंदात उधळून टाकी. एकाच अक्षरात इतका फरक दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. पण या मोटरींच्या नळ्या २१ आणि २७ मिलिमीटर व्यासाच्या होत्या, आणि बाकीचा बाजार १३, १८ व २४ मिलिमीटरवर स्थिरावला होता. १९९०च्या दशकात कंपनी मिटल्यावर तिच्या मापाची रॉकेट निराधार झाली.

काही मोटरी मालक बदलल्यामुळे गेल्या. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडियानातल्या ‘रॉकेट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ने अमोनियम परक्लोरेटचे मिश्र इंधन या छंदात आणले. फिनिक्सच्या ‘सेंच्युरी’ने ती कंपनी घेऊन ‘एनर्जेट’ नावाने त्या मोटरी विकल्या, पण काही वर्षांतच त्यांचा गाशा गुंडाळला. स्वतः सेंच्युरीही एस्टेसच्याच मालकाकडे, डेमन कंपनीकडे गेली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संपली. ‘व्हॅशन’ कंपनीची, काही न जाळता फ्रिऑन वायूच्या दाबाने उडणारी ‘थंड’ रॉकेट एस्टेसने विकत घेऊन काही काळ चालवली. १९७८ साली अमेरिकेने एरोसोल डब्यांत अशा वायूंवर बंदी आणल्यावर ती परत येण्याचा प्रश्नच उरला नाही.

मिश्र इंधनाचा वारसा पुढे ‘एरोटेक’ने चालवला. ऑक्टोबर २००१मध्ये तिच्या लास व्हेगासच्या कारखान्यात आग लागली, एका कामगाराचा जीव गेला आणि उत्पादन ठप्प झाले. काम पुन्हा उभे राहिले ते युटातल्या सीडर सिटीत.

स्वभावदोषामुळे गेलेली मोटर म्हणून एस्टेसच्या ‘ई१५’चे नाव घेता येईल. लांब नळीतली काळी दारू उष्णतेने फुगते आणि थंडीत आकसते. कागदी नळी मात्र तिच्या प्रमाणात हलत नाही. मग दोहोंमध्ये फट पडते, ज्वाला त्या फटीतून एकदम वर चढते आणि मोटर फुटते. रॉकेटवाले याला ‘कॅटो’ म्हणतात. नंतर आलेल्या ‘ई९’वरही हाच ठपका राहिला आणि पुढे ‘ई१२’ आली. माळ्यावर पडून राहिलेल्या जुन्या मोटरींना हा धोका जास्त. शिवाय ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ या अमेरिकी संघटनेच्या स्पर्धांत आणि मेळाव्यांत मान्यताप्राप्त मोटरीच चालतात. म्हणून मोटर हातात असली तरी ती उडवता येईलच असे नाही.

क्वचित एखादी परतही येते. जड रॉकेटसाठी नावाजलेली एस्टेसची ‘सी५-३’ बरीच वर्षे गायब होती. २०१०च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा विक्रीला आली. १८ मिलिमीटरची नळी कारखान्यात रोजचीच असल्याने ते जमण्यासारखे होते. एफएसआयच्या २१ मिलिमीटरच्या मोटरींना असा वारस मिळाला नाही. त्या मापाचे रॉकेट उडवायचे तर आत कागदी कडे बसवून १८ मिलिमीटरची मोटर लावावी लागते.