मास्टर चार्ट एक्सेलमध्ये सुरू करण्याआधी
रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक

अभ्यासाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र हातात पडलं की बहुतेक विभागांत कोणीतरी रेसिडेंट डॉक्टर मास्टर चार्टसाठी, म्हणजे सगळ्या पेशंटांच्या नोंदींच्या तक्त्यासाठी, एक्सेलची नवी फाइल उघडतो. प्रोफॉर्मातले, म्हणजे माहिती भरायच्या कागदी फॉर्ममधले, प्रश्न पहिल्या ओळीत टाइप होतात आणि ती फाइल पेनड्राइव्ह, ईमेल, व्हॉट्सॲप अशी फिरू लागते. वर्षभराने विश्लेषणाला बसल्यावर मधुमेहाच्या रकान्यात ‘हो’, ‘होय’, ‘वाय’, ‘डीएम प्लस’, ‘५ वर्षांपासून’ आणि मधेमधे रिकामी घरं असं सगळं सापडतं. रिकामं घर म्हणजे मधुमेह नाही, की विचारायचंच राहिलं, हे तेव्हा कोणालाही सांगता येत नाही. मग रेकॉर्ड रूममध्ये केस पेपर शोधायचा, आणि तो मिळेलच असं नाही.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. संशोधन संस्थांनी आपापसांत वाटून घेतलेली, एकमेकांच्या गरजांतून वाढलेली साधनं उपलब्ध आहेत. ती वापरून फॉर्म बांधून देणं, तुमच्या लोकांना शिकवणं आणि डेटा वेळोवेळी तपासणं हे आमचं काम. आमच्याकडे येण्याआधी ही साधनं काय आहेत आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून हे पत्रक.

रेडकॅप

यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे रेडकॅप, संशोधनाची माहिती फॉर्ममध्ये भरून साठवण्याचं सॉफ्टवेअर. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००४ मध्ये तयार केलं. आपल्याच विद्यापीठातल्या संशोधकांना सुरक्षित पद्धतीने माहिती गोळा करता यावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. २००६ पासून ते इतर संस्थांना मिळू लागलं आणि त्यातून एक संघ उभा राहिला. आज शंभराहून अधिक देशांतल्या हजारो संस्था या संघात आहेत. भारतातली रुग्णालयं आणि संशोधन संस्थाही त्यात आहेत.

ना-नफा संस्थेला रेडकॅपचा परवाना विनामूल्य मिळतो. संस्था व्हँडरबिल्टशी करार करते, सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवते आणि सगळा डेटा तिथेच राहतो. तो अमेरिकेला जात नाही. ‘डेटा बाहेर जातो का’ हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं. परवाना संस्थेचा असतो, एखाद्या डॉक्टरचा किंवा आमच्यासारख्या फर्मचा नाही. तुमचं महाविद्यालय आधीच सदस्य असण्याची शक्यता आहे. आयटी विभागाला किंवा रिसर्च सेलला आधी विचारून घ्या, बरेचदा तीच सगळ्यात जवळची वाट असते.

एक्सेल वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ते हिशेबासाठी आहे, रुग्णांच्या नोंदींसाठी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सेल फाइलच्या साच्यात ओतली जात होती. त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते, त्यामुळे पुढच्या नोंदी गाळल्या गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे घडलं, तर विभागातल्या एका लॅपटॉपवरच्या फाइलवर किती विसंबायचं याचा विचार जरूर करावा.

एक फील्ड बांधताना

रेडकॅपमध्ये प्रत्येक प्रश्न म्हणजे एक फील्ड, आणि सगळ्या फील्डांची यादी म्हणजे डेटा डिक्शनरी. ही डिक्शनरी सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा मजकुराचा तक्ता) म्हणून उतरवता येते, भरता येते आणि पुन्हा चढवता येते. एक्सेलची खरी जागा इथे आहे. फक्त प्रश्न मराठीत असतील तर फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आता मधुमेहाचंच उदाहरण घेऊ. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा अशी टिकमार्कची यादी करावी असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. कागदावर ती सुटसुटीत दिसतेही. पण रेडकॅपमध्ये टिक न केलेला पर्याय एक्सपोर्टमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठी काढलेल्या फाइलमध्ये, शून्य म्हणून येतो. पेशंटने ‘नाही’ सांगितलं तरी शून्य, रेसिडेंटने विचारलंच नाही तरी शून्य. म्हणजे एक्सेलमधलं रिकामं घर निदान संशय तरी निर्माण करत होतं, इथे तोही उरत नाही. म्हणून ज्या आजारावर तुमचा निष्कर्ष अवलंबून आहे, त्यासाठी वेगळा प्रश्न करा आणि एकच उत्तर निवडता येईल असे पर्याय द्या: होय, नाही, पेशंटला माहीत नाही, विचारलं नाही. चार पर्याय भरताना दोन सेकंद जास्त जातात, पण पुढे रेकॉर्ड रूमच्या खेपा वाचतात.

‘होय’ निवडल्यावरच ‘किती वर्षांपासून’ आणि ‘कोणती औषधं’ हे प्रश्न उघडावेत, नाहीतर ते दिसूच नयेत. याला ब्रँचिंग लॉजिक म्हणतात. त्यामुळे पुरुष पेशंटच्या फॉर्ममध्ये गरोदरपणाची माहिती चुकून भरली जात नाही, आणि ओपीडीच्या गर्दीत भरणाऱ्याला समोर फक्त लागू असलेलेच प्रश्न दिसतात.

हिमोग्लोबिनच्या फील्डला किमान आणि कमाल मर्यादा घालता येते. १२ च्या जागी १२० टाइप झालं की इशारा येतो. इथे एक बारकावा आहे. मर्यादेबाहेरचा आकडा आला की रेडकॅप सावध करतं, पण अडवत नाही, कारण अतिगंभीर पेशंटमध्ये तो आकडा खराही असू शकतो. ‘आवश्यक’ म्हणून खूण केलेलं फील्डही रिकामं सोडून पुढे जाता येतं. म्हणजे फॉर्म कितीही चांगला बांधला तरी दर आठवड्याला कोणीतरी डेटा क्वालिटीचे, म्हणजे चुका आणि रिकाम्या जागा शोधणारे, नियम चालवून यादी पाहायला हवी. हे काम कोणाचं, ते पहिल्या दिवशीच नाव लिहून ठरवा. आमचा आग्रह असतो की नाव रेसिडेंटचं नसावं. रेसिडेंट बदलून जातात, अभ्यास चालू राहतो.

वय विचारू नका, जन्मतारीख विचारा आणि वय सॉफ्टवेअरला काढू द्या. जन्मतारीख माहीत नसेल, आणि ज्येष्ठ पेशंटांच्या बाबतीत ती बरेचदा माहीत नसते, तर अंदाजे वयाचं वेगळं फील्ड ठेवा. सगळ्यांना १ जानेवारी किंवा १ जूनला जन्माला घालू नका.

अभ्यास सुरू झाल्यावर

बांधणी चालू असते तोवर प्रोजेक्ट ‘डेव्हलपमेंट’ अवस्थेत असतो. खऱ्या पेशंटची पहिली नोंद करण्याआधी तो ‘प्रॉडक्शन’मध्ये न्यावा लागतो. ही पायरी अनेक जण गाळतात आणि डेव्हलपमेंटमध्येच पन्नास-साठ पेशंट भरून टाकतात. असं करू नका. प्रॉडक्शनमध्ये केलेला बदल आधी मसुदा म्हणून थांबतो आणि कोणत्या बदलाने आधीचा डेटा धोक्यात येईल हे दाखवलं जातं. डेव्हलपमेंटमध्ये ती राखण नसते.

सर्वांत घातक बदल दिसायला अगदी साधा असतो. समजा, १ म्हणजे ‘विवाहित’ आणि २ म्हणजे ‘अविवाहित’ ठरलं आहे. कोणीतरी यादी नीटनेटकी करायला क्रम उलटवतो आणि १ ला ‘अविवाहित’ लिहितो. डेटाबेसमध्ये साठतो तो आकडा, शब्द नाही. त्यामुळे त्या क्षणी आधीच्या सगळ्या पेशंटांची वैवाहिक स्थिती बदलते. नवा पर्याय हवा असेल तर नवा आकडा वापरा. जुना आकडा दुसऱ्या अर्थाने पुन्हा कधीही वापरू नका.

विभागाचा एकच पासवर्ड नको

रेडकॅप प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं: कोणी केला, केव्हा केला, काय केलं. गुड क्लिनिकल प्रॅक्टिस या क्लिनिकल संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये हीच अपेक्षा आहे, प्रत्येक नोंद कोणाची ते कळलं पाहिजे. पण ‘मेडिसिन विभाग’ नावाचं एकच खातं सहा जण वापरत असतील तर त्या नोंदीला काही अर्थ राहत नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं असू द्या. इंटर्नला फक्त भरण्याचा अधिकार द्या, एक्सपोर्टचा नको.

अभ्यास दोन-तीन केंद्रांवर चालत असेल, उदाहरणार्थ नागपूर, कोल्हापूर आणि मडगाव, तर प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र गट करता येतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांना फक्त कोल्हापूरचे पेशंट दिसतात, मुख्य संशोधकांना सगळे दिसतात. यादृच्छिक वाटप असलेल्या, म्हणजे पेशंट कोणत्या उपचार गटात जाईल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरणाऱ्या, अभ्यासात वाटपाचा तक्ता बायोस्टॅटिस्टिशियनकडून (वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञाकडून) करून आधीच चढवून ठेवायचा असतो. पुढचा पेशंट कोणत्या गटात जाणार हे मग नोंदणी करणाऱ्याला आधी कळत नाही. खोक्यात ठेवलेल्या चिठ्ठ्यांपेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

मेळघाट, गडचिरोली आणि मराठी प्रश्नावली

नेटवर्क नसलेल्या गावांत रेडकॅपचं मोबाइल ॲप चालतं. माहिती टॅबवर साठते आणि नेटवर्क मिळाल्यावर सर्व्हरकडे पाठवता येते. घरोघरी फिरून करायच्या सर्वेक्षणाला मात्र आम्ही अनेकदा ओडीके सुचवतो. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेलं हे मुक्त स्रोत साधन आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं आणि आशाताईंना, आरोग्यसेविकांना ते लवकर जमतं. अभ्यासात फॉलो-अपच्या अनेक भेटी असतील तर रेडकॅप, एकदाच घरी जाऊन माहिती घ्यायची असेल तर ओडीके, असा आमचा ढोबळ सल्ला असतो.

रेडकॅपच्या सामायिक लायब्ररीतून तयार प्रश्नावल्या थेट आपल्या प्रोजेक्टमध्ये घेता येतात, आणि या साधनांचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. जे प्रश्न इतरांनी तपासून, गुण देण्याच्या पद्धतीसह बांधले आहेत ते पुन्हा का बांधायचे? दोन काळज्या घ्या. प्रश्नावलीच्या हक्कधारकाची अट वाचा, कारण लायब्ररीत आहे म्हणजे भाषांतराचीही मुभा आहे असं नाही. आणि मराठी रूप हवं असेल तर आधी मान्य मराठी आवृत्ती आहे का ते शोधा. नसेल तर भाषांतर, उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) आणि मग खऱ्या पेशंटांसमोर वाचून पाहणं, हे तिन्ही करावं लागतं. ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाला ‘डोकं जड होतं’ असं उत्तर आलं, तर प्रश्न पोहोचलेला नाही असं समजा. रेडकॅपच्या नव्या आवृत्त्यांत एकाच फॉर्मला मराठी, हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा भाषा जोडता येतात आणि डेटा एकाच ठिकाणी जमा होतो.

पेशंटची ओळख

नाव, फोन, पत्ता, एमआरडी क्रमांक (रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचा क्रमांक) ही फील्डं ‘ओळख पटवणारी’ म्हणून खूण करून ठेवा, म्हणजे विश्लेषणासाठी काढलेल्या फाइलमधून ती आपोआप वगळता येतात. तारखाही ठरावीक अंतराने सरकवून काढता येतात. पण लहान गावाचं नाव, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की नावाशिवायही माणूस ओळखू येतो. गाव हवंच का, की तालुका पुरेल, हे आधी ठरवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आम्ही प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला तुमच्यासोबत बसून पाहतो. पेशंटने विश्वासाने सांगितलेली माहिती आपल्याकडे असते, म्हणून आम्ही कोणत्याही प्रकल्पाचा डेटा आमच्या संगणकावर घेत नाही. काम तुमच्याच सर्व्हरवर, तुम्ही दिलेल्या खात्यातून होतं.

खर्च आणि मर्यादा

परवाना विनामूल्य असला तरी सर्व्हर, बॅकअप आणि तो सांभाळणारा माणूस यांचा खर्च संस्थेला असतोच. रेडकॅप हे रुग्णालयाचं बिलिंग किंवा केस पेपरचं सॉफ्टवेअर नाही, त्याला त्या कामाला लावू नका. नव्या औषधाच्या मान्यतेसाठी चाललेल्या चाचणीत प्रायोजक कंपनी सहसा स्वतःची प्रणाली देते. तिथे आमची गरज नसते, आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो.

पहिल्या भेटीला येताना मंजूर प्रोटोकॉल, कागदी प्रोफॉर्मा, एथिक्स कमिटीचं पत्र आणि लागू असेल तर सीटीआरआय (भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी क्रमांक आणा. क्लिनिकल ट्रायलची ही नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच झालेली असावी लागते, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. शक्य असेल तर बायोस्टॅटिस्टिशियनना सोबत आणा. शेवटी कोणते तक्ते छापायचे आहेत ते त्यांनी कागदावर रिकामे आखून दिले, तर त्या तक्त्यांवरून आपण मागे येत प्रोफॉर्मातले प्रश्न तपासू. जे प्रश्न कोणत्याच तक्त्यात जात नाहीत ते तिथल्या तिथे काढता येतील.