जुळं हवंय की रंगीत तालीम?

डिचोलीकडच्या एका काजू कारखान्याच्या मालकाने मला विचारलं, "साल काढायचं मशीन घ्यायचंय. आधी डिजिटल ट्विन करून बघूया का?" त्याला हवं होतं सिम्युलेशन. दोन्हींत पडद्यावर कारखाना चालताना दिसतो, म्हणून गल्लत होते. विकणारेही ती दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत, कारण ट्विनचं बिल मोठं.

सिम्युलेशन म्हणजे तालीम. कामांचा क्रम, प्रत्येक कामाला लागणारा वेळ, माणसं किती, हे संगणकात घालायचं आणि अजून न केलेला बदल तिथे करून बघायचा. आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी यासाठी जीपीएसएस ही भाषा केली ती १९६१ च्या सुमारास. आज सिमपाय हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ट्विनची कल्पना मायकल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मांडली. त्यात खऱ्या यंत्रांवरचे सेन्सर सतत आकडे धाडतात आणि पडद्यावरचं जुळं तसतसं बदलत राहतं. एक तास यंत्र बंद पडलं तर लाखांचं नुकसान, अशा ठिकाणी ते परवडतं. आमच्या कारखान्यात मीटर एकच, विजेचा. जुळ्याला खायला काय घालणार?

तालीमच केली. ड्रायरमधून ताशी २० किलो गर निघत होता आणि साल काढायच्या टेबलांपाशी सरासरी ६० किलो पडून. म्हणजे गर सरासरी तीन तास ताटकळतो. हा रांगांबद्दलचा जॉन लिटल यांचा नियम, नुसता भागाकार. पावसाळी हवेत तीन तास फार झाले: गर ओल धरतो, साल चिकटते, तुकडा वाढतो. मॉडेलमध्ये मशीन बसवलं. ढीग गेला नाही, पुढे सरकला आणि प्रतवारीच्या टेबलावर जाऊन बसला. पौंडात किती गर बसतात त्यावरून २४०, ३२० अशा प्रती वेगळ्या करणारे हात होते तेवढेच होते.

मेख आकड्यांत असते. मालकाने वहीतली सरासरी दिली होती, आणि नुसत्या सरासरीवर चालवलं की सगळं सुरळीत दिसतं. ढीग साचतो तो चढउतारामुळे. म्हणून घड्याळ घेऊन उभा राहिलो, तर टेबलांवर काम करणाऱ्या बायका सगळ्या गप्प. मशीन आलं की कुणाची तरी हजेरी जाणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मग लॅपटॉप त्यांच्याच टेबलावर ठेवला. प्रतवारीच्या मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं ठीक आहे रे, पण दुपारनंतर इथे उजेड जातो, हात निम्म्यावर येतो. ते कुठे आहे यात?"

नव्हतंच. घातलं. पडद्यावरचा ढीग तीन वाजता वाढू लागला, रोज वाढतो तसाच.

मशीनची ऑर्डर मालकाने तूर्त थांबवली आहे. प्रतवारीचं टेबल खिडकीखाली गेलंय, वर दोन ट्यूबलाइट आल्यात, आणि साल काढणाऱ्यांपैकी दोघी मावशींकडे प्रतवारी शिकताहेत.