कोऱ्या विंडोची पार्श्वभूमी

नागपुरात टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या सी कंपायलरवर संगणक आलेखन शिकलेल्या माझ्या पिढीने प्रयोगशाळेत विंडो कधी उघडलीच नाही. 'इनिटग्राफ' एवढे लिहिले की सगळा पडदा एकट्या प्रोग्रामच्या ताब्यात येई, 640 गुणिले 480 ठिपके आणि 16 रंग मिळत, आणि थेट रेषा-वर्तुळे काढायला बसता येई. उन्हाळी परीक्षेच्या प्रात्यक्षिकात, कूलरच्या घरघरीत, घाम फोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे आलेखनाच्या ड्रायव्हर फाइली असलेल्या बीजीआय फोल्डरचा पत्ता. सी भाषेत त्यातील उलटी तिरपी रेघ दोनदा द्यावी लागते; बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून काढून आणलेल्या झेरॉक्समध्ये मात्र त्या दोन रेघांची मिळून एकच जाड रेघ झालेली असे. ती तशीच उतरवली की काळ्या पडद्यावर 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' अशी ओळ उमटे आणि बाहेरून आलेले परीक्षक काही न बोलता पुढच्या टेबलाकडे सरकत.

पुढे 64 बिटांच्या विंडोजवर 16 बिटांचे प्रोग्राम चालेनासे झाले, तेव्हा टर्बो सी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवणे हा रूढ उपाय ठरला. त्यामुळे पडद्यावर विंडो दिसू लागली खरी, पण ती डॉसबॉक्सची होती, विद्यार्थ्याची नव्हे. अभ्यासक्रम बदलून ओपनजीएल हे चित्रे काढणाऱ्या फंक्शनांचे प्रमाण आले, तेव्हा कोरी विंडो उघडण्यालाच शेदीडशे ओळी का लागतात, हा प्रश्न त्यामुळे अनेकांना अन्यायासारखा वाटला.

त्याचे मूळ 1992च्या एका निर्णयात आहे. युनिक्सवरची एक्स विंडो प्रणाली 1984पासून आणि विंडोज 1985पासून अस्तित्वात होती, आणि दोन्हींची विंडो बनवण्याची रीत पूर्णपणे वेगळी होती. ओपनजीएल ज्या जुन्या संचातून निघाले, त्या आयरिस जीएलमध्ये विंडो उघडण्याचे फंक्शन आतच होते. नव्या प्रमाणातून ते जाणीवपूर्वक वगळण्यात आले: चित्र कसे काढायचे एवढेच ओपनजीएल सांगेल, ते कोठे काढायचे हे त्या त्या प्रणालीने पाहावे. म्हणून विंडोजसाठी डब्ल्यूजीएल आणि एक्ससाठी जीएलएक्स असे निरनिराळे सांधे तयार झाले. या निर्णयावर आजही टीका होते, परंतु विंडो आत ठेवली असती तर हे प्रमाण एखाद्याच प्रणालीला बांधले गेले असते आणि इतके दिवस टिकलेही नसते, असे मला वाटते. त्याची किंमत मात्र नवशिक्यांनी मोजली, हेही तितकेच खरे.

सर्वांत मोठा घोळ 'कॉन्टेक्स्ट' या शब्दाने घातला. विंडोजमध्ये या नावाच्या दोन वस्तू एकाच वेळी समोर येतात. डिव्हाइस कॉन्टेक्स्ट हा त्या विशिष्ट विंडोवर रेखाटण्याचा परवाना असतो, तर रेंडरिंग कॉन्टेक्स्टमध्ये ओपनजीएलची सगळी स्थिती, म्हणजे रंग, टेक्स्चर (पृष्ठावर चिकटवायची चित्रे), शेडर (रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम), साठवलेली असते. दोहोंना 'संदर्भ' म्हणणारी भाषांतरित टिपणे वाचून कोणाला काही उमगले असेल, असे वाटत नाही. रेंडरिंग कॉन्टेक्स्टला मी 'बिऱ्हाड' म्हणेन. विंडो हे घर. बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरात हलवता येते, फक्त दोन्ही घरांची मांडणी, म्हणजे पिक्सेल फॉरमॅट, जुळायला हवी. शिवाय एका बिऱ्हाडाचा कारभार एका वेळी एकाच थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममधील एकाच कामाच्या धाग्याच्या, हाती असतो.

विंडोजमध्ये ही मांडणी विंडोला एकदाच देता येते, नंतर बदलता येत नाही, आणि येथेच पेच पडला. 2008 साली ओपनजीएल 3.0 आले आणि नव्या प्रकारचा कॉन्टेक्स्ट मागण्यासाठी नवे फंक्शन आले, पण त्या फंक्शनचा पत्ता मिळवायला आधी एक चालू कॉन्टेक्स्ट हातात असावा लागतो, आणि तो मांडताना विंडोची मांडणी कायमची ठरून जाते. म्हणून आधी एक खोटी विंडो उघडायची, तिच्यात जुन्या पद्धतीचा कॉन्टेक्स्ट मांडायचा, पत्ता विचारून घ्यायचा, मग ती विंडो मोडून खरी विंडो उभारायची. हा द्राविडी प्राणायाम आजही तसाच करावा लागतो.

तो झाकून ठेवण्याचे काम ग्लट, एसडीएल आणि जीएलएफडब्ल्यू या लायब्ररींनी, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचांनी, केले. त्यांपैकी ग्लट शिकवण्यास सर्वांत सोपे होते, पण त्याचे मुख्य चक्र, म्हणजे कळा-माउसच्या घटना पाहत राहणारे आवर्तन, एकदा सुरू झाले की नियंत्रण परत देत नसे. 2002 साली आलेल्या जीएलएफडब्ल्यूने ते चक्र प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती ठेवले. आज धडे बहुधा त्याच्यापासून सुरू होतात, हे योग्यच झाले.

2016 साली आलेल्या वल्कन या ओपनजीएलच्या वारसदार प्रमाणाने 1992चा निर्णय आणखी पुढे नेला. त्यात विंडोशी जोडणारा पृष्ठभाग आणि चित्रांची अदलाबदल करणारी स्वॅपचेन, दोन्ही मूळ गाभ्याबाहेरची विस्तारके आहेत, आणि एक त्रिकोण दिसेपर्यंत हजाराच्या आसपास ओळी सहज होतात. लिनक्सवर एक्सची जागा घेत असलेल्या वेलँडमध्ये तर कोरी विंडो ही कल्पनाच उरलेली नाही. तेथे पृष्ठभाग तयार होतो, त्याला विंडोची भूमिका मिळते, कोणतीही त्रुटी येत नाही आणि तरीही पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण रंगवलेला बफर (चित्राचे ठिपके साठवलेली स्मृतीतील जागा) जोडून तो सुपूर्द करेपर्यंत वेलँड ती विंडो दाखवतच नाही.